यंग ॲडल्ट आणि समकालीन प्रणयकादंबऱ्या वाचताना जे वाटते त्याविषयी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

येथील प्रश्न वाचकांनी पुन्हा पुन्हा विचारलेले आहेत आणि त्यांची भाषा शक्यतो विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे. ज्या उत्तरांचा एकमेकांशी संबंध आहे तेथे क्रमांक दिला आहे, म्हणजे तीच गोष्ट दोनदा वाचावी लागणार नाही. उदाहरणादाखल दिलेले प्रसंग मुद्दा स्पष्ट करण्यापुरते रचलेले असून ते कोणत्याही छापील कादंबरीतील नाहीत.

1. यंग ॲडल्ट आणि समकालीन प्रणयकादंबरी यांत नेमका फरक काय? दोन्ही वाचताना वेगवेगळे का वाटते?

यंग ॲडल्ट हा प्रकार वयावरून ठरतो. त्यातील मुख्य पात्रे आणि गृहीत धरलेला वाचक साधारणपणे 12 ते 18 या वयोगटातील असतात. कथेत प्रेम असेलच असे नाही आणि शेवट कसाही होऊ शकतो. प्रणयकादंबरी मात्र दोन अटींवरून ओळखली जाते: कथेच्या केंद्रस्थानी प्रेमकथा असली पाहिजे आणि शेवट समाधान देणारा, आशादायी असला पाहिजे. 1980 साली स्थापन झालेल्या रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका या संघटनेने केलेल्या व्याख्येतही याच दोन अटी आहेत. समकालीन म्हणजे कथा आजच्या काळात घडते, इतकेच.

वाचताना जाणवणारा फरक यातूनच येतो. यंग ॲडल्ट कादंबरीत सगळे पहिल्यांदा घडत असते आणि पुढे काय होईल याची हमी नसते, त्यामुळे तेथे धास्ती अधिक असते. प्रणयकादंबरीत मुक्काम ठाऊक असतो आणि सगळी उत्कंठा वाटेची असते. दोन्ही प्रकार एकाच पुस्तकात आले की कोणते वचन पाळले जाणार हे वाचकाला नीट कळत नाही, आणि बऱ्याच तक्रारी तेथूनच सुरू होतात (प्रश्न 13 पाहावा).

2. ही माणसे अस्तित्वातच नाहीत हे पक्के ठाऊक असूनही मला रडू का येते? हे बालिशपणाचे लक्षण आहे का?

नाही. या प्रश्नाने तत्त्वज्ञांनाही बराच काळ झुलवले आहे. कोलिन रॅडफर्ड या तत्त्वज्ञाने 1975 साली हा पेच नेमका मांडला: एखाद्यावर ओढवलेल्या दुःखाने हेलावून जायचे तर ते दुःख खरे आहे असा विश्वास हवा, कथेत तो विश्वास नसतो, तरीही आपण हेलावतो. त्याचा निष्कर्ष असा की आपल्या या वागण्यात मुळातच एक विसंगती आहे. केंडल वॉल्टन याने 1978 साली वेगळे उत्तर दिले. वाचक हा कल्पनेच्या खेळात सामील झालेला असतो आणि त्या खेळात त्याला जे वाटते ते भयासारखे किंवा दुःखासारखे असले, तरी व्यवहारातल्या भयाहून किंवा दुःखाहून निराळे असते, असे त्याचे म्हणणे होते.

आपल्याकडच्या रसचर्चेत याचे आणखी जुने उत्तर आहे. भरतमुनींच्या रससूत्राचा अर्थ लावताना भट्टनायकाने साधारणीकरणाची कल्पना मांडली आणि अभिनवगुप्ताने ती आपल्या पद्धतीने पुढे नेली. शोक ‘माझा’ किंवा ‘त्याचा’ राहत नाही, व्यक्तीपासून सुटतो, म्हणून त्याचा आस्वाद घेता येतो. डोळे पुसत पुसत पान उलटणाऱ्या वाचकाचे वर्णन मला या उत्तरातच सर्वात नेमके सापडते, कारण खरे दुःख असते तर पुस्तक मिटावेसे वाटले असते.

याला लेखनतंत्राचीही जोड असते. आजच्या अनेक यंग ॲडल्ट कादंबऱ्या प्रथमपुरुषी आणि वर्तमानकाळात लिहिलेल्या असतात. ‘मी दार उघडते’ हे वाक्य वाचताना ‘मी’ कोण याचा विसर पडायला फार पाने लागत नाहीत.

3. प्रणयकादंबरीचा शेवट गोडच होणार हे माहीत असते. मग छातीत धडधड कशासाठी?

कारण धडधड ‘काय होणार’ यापेक्षा ‘आता या क्षणी काय होते आहे’ याची असते. कथेत गुंतलेला वाचक आपल्याकडची बाहेरची माहिती वाचण्याच्या वेळी फारशी हाताशी घेत नाही. शेवट पाठ असलेल्या गोष्टीतही उत्कंठा टिकते, याकडे रिचर्ड गेरिग या मानसशास्त्रज्ञाने वाचनानुभवाच्या अभ्यासात लक्ष वेधले आहे. शिवाय दोघे एकत्र येणार एवढेच ठाऊक असते; त्यासाठी कोणाला काय गमवावे लागेल, कोण आधी नमते घेईल आणि कोणता शब्द कायमचा खुपत राहील, हे ठाऊक नसते.

4. दुःखाच्या प्रसंगी मी कोरडी राहते आणि सगळे सुरळीत झाले की रडते. हे उलटे कसे?

हे उलटे नाही आणि फार सर्रास आढळते. याचे एक स्पष्टीकरण शरीराच्या गतीत आहे. डॉल्फ झिलमन या संशोधकाच्या मांडणीनुसार एका भावनेने निर्माण झालेली शारीरिक उत्तेजना लगेच ओसरत नाही. पुढची भावना आली की उरलेली उत्तेजना तिच्यात मिसळते आणि ती भावना अधिक तीव्र होते. शंभर पाने साठलेला ताण सुटकेच्या पानावर एकदम मोकळा होतो, म्हणून सुटका प्रत्यक्षाहून मोठी वाटते.

दुसरे कारण रचनेत आहे आणि मला ते अधिक महत्त्वाचे वाटते. समजा, चौथ्या प्रकरणात नायिकेच्या छत्रीची एक काडी मोडते. ती कोणाला सांगत नाही. तिच्याशेजारी उभा असलेला नायक फक्त एकदा वर पाहतो आणि लेखिका पुढच्या वाक्यावर निघून जाते. दोनशे पानांनंतर दोघांचे बोलणे बंद आहे. सकाळी दार उघडताच नायिकेला उंबऱ्याशी ती छत्री दिसते; चिठ्ठी नाही, नाव नाही. ती छत्री उघडते. मोडलेल्या काडीवर बारीक तारेचे वेढे आहेत आणि बोट चिरू नये म्हणून तारेचे टोक आत वळवलेले आहे. येथे कोणीही ‘प्रेम’ हा शब्द उच्चारलेला नाही. नायिकेने छत्री उघडण्याआधीच काही वाचकांचे डोळे भरून येतात, कारण मोडक्या काडीची आठवण इतकी पाने त्यांनी स्वतः सांभाळलेली असते. लेखिकेने अर्थ सांगितला असता तर तो तिचा राहिला असता. तो वाचकाने जुळवला, म्हणून तो वाचकाचा झाला. तुम्हाला रडवणारी आनंदाची दृश्ये पुन्हा काढून पाहा. त्यांपैकी बहुतेकांच्या मागे अशी एखादी लहानशी, आधी पेरून ठेवलेली गोष्ट सापडेल.

5. ‘दोघांनी एकदा नीट बोलून घेतले असते तर पुस्तक संपले असते’ असे वाटून मला संताप येतो. असा राग येणे योग्य आहे का?

योग्य आहे, पण तो कोणावरचा राग आहे हे आधी ठरवले पाहिजे. प्रणयकादंबरीच्या साधारण शेवटच्या चतुर्थांशात दोघांची ताटातूट होते; वाचकांच्या बोलण्यात तिला ‘थर्ड ॲक्ट ब्रेकअप’ म्हणतात. ती पात्रांच्या स्वभावातून आली असेल तर राग पात्रांवर असतो, आणि तो राग म्हणजे पुस्तकाचे यशच होय. ज्या मुलीला लहानपणापासून गप्प बसण्याचीच सवय लावली गेली, ती ऐन वेळी गप्प बसली तर आपण चरफडतो, पण तिच्यावर विश्वासही ठेवतो. ताटातूट केवळ कथानकाच्या सोयीसाठी आली असेल, म्हणजे कालपर्यंत मोकळेपणाने बोलणारी माणसे आज अर्धे संभाषण भिंतीआडून ऐकून कायमची निघून गेली, तर तो राग लेखकावरचा असतो.

ओळखायची सोपी कसोटी अशी: हे पात्र पन्नासाव्या पानावर अशाच प्रसंगात कसे वागले होते? वागणे जुळत असेल तर सोसावे. जुळत नसेल तर तक्रार रास्त आहे.

एक गोष्ट मात्र वाचकाने स्वतःशी कबूल करावी. अनेक कादंबऱ्यांत प्रकरणे आळीपाळीने दोघांच्या तोंडून येतात, त्यामुळे दोघांची मने आपल्यापुढे उघडी असतात. नायिकेला नायकाचे प्रकरण वाचायला मिळालेले नसते. जे आपल्याला ढळढळीत दिसते ते तिला का दिसत नाही, असे विचारणे थोडेसे अन्यायाचे आहे.

6. मला नायकापेक्षा नायिकेचाच जास्त राग येतो. असे का होते?

याची दोन कारणे संभवतात आणि ती एकाच वेळी खरी असू शकतात. पहिले असे की निवेदन तिच्या तोंडून असेल तर वाचक तिच्या आतून जगत असतो. तिची चूक ही आपल्या हातून झालेल्या चुकीसारखी बोचते. नायक मात्र तिच्या डोळ्यांतून, म्हणजे प्रेमात पडलेल्या डोळ्यांतून दिसतो आणि त्याला आपोआप सूट मिळते. दुसरे कारण पुस्तकाबाहेरचे आहे. नायक तुसडेपणाने वागला की आपण त्याच्या मनावर कधीतरी घाव बसला असेल असे मानतो आणि नायिका तशीच वागली की तिला नखरेल म्हणतो. शंका असेल तर तोच प्रसंग दोघांची नावे अदलाबदल करून मनात पुन्हा वाचावा. राग पूर्वीइतकाच राहतो की उतरतो, यावरून उत्तर मिळते.

यंग ॲडल्टच्या बाबतीत वयाचा विसर पडणे हेही एक कारण असते. सोळा वर्षांची मुलगी सोळा वर्षांच्या मुलीसारखी वागली, एवढाच पुष्कळदा तिचा गुन्हा असतो.

7. पात्राची फजिती होणार असे दिसले की मला पुस्तक मिटून खोलीत फेऱ्या माराव्या लागतात. हे फक्त मलाच होते का?

नाही. दुसऱ्याच्या वतीने लाज वाटणे हा अभ्यासला गेलेला अनुभव आहे. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका मेंदूप्रतिमा अभ्यासात असे दिसले की दुसऱ्याची फजिती पाहताना मेंदूतील जे भाग सक्रिय होतात, त्यांत दुसऱ्याच्या वेदनेविषयीच्या सहानुभूतीत सहभागी असणारे भागही असतात. खोटे लग्न, खोटी प्रेमजोडी, चुकीच्या माणसाला गेलेला संदेश अशा कल्पनांवर प्रणयकादंबऱ्या उभ्या असतात, त्यामुळे ज्यांना हे फार जाणवते त्यांना या प्रकारात वरचेवर थांबावे लागते. थांबावे. दृश्य ओलांडून पुढचे प्रकरण आधी वाचून परत आले तरी काही बिघडत नाही.

8. माझे वय चाळिशीपुढचे आहे आणि यंग ॲडल्ट वाचून मी अजूनही हळवा होतो. हे वयाला शोभत नाही असे घरचे म्हणतात.

घरच्यांना सांगण्यासारखी एक माहिती अशी की बाउकर या संस्थेच्या 2012 सालच्या पाहणीत, 12 ते 17 वयोगटासाठी म्हणून प्रकाशित होणाऱ्या पुस्तकांचे 55 टक्के खरेदीदार 18 वर्षांचे किंवा त्याहून मोठे आढळले होते.

हळवेपणाचे कारण बहुधा स्मरणशक्तीच्या ठेवणीत आहे. प्रौढ माणसांना आयुष्यातील आठवणी सांगायला लावल्या की साधारण दहा ते तीस या वयातील आठवणी इतर काळापेक्षा अधिक संख्येने येतात, असे मानसशास्त्रात वारंवार दिसून आले आहे. यंग ॲडल्ट कादंबरी नेमकी त्याच काळात घडते. त्यामुळे चाळिशीतला वाचक कथा वाचतो आणि त्याच वेळी स्वतःचे तेव्हाचे दिवसही चाळत असतो. पंधरा वर्षांच्या वाचकाला ही दुसरी गोष्ट उपलब्धच नसते.

मोठ्या वयात आणखी एक बदल होतो. मुलगी रात्री उशिरा घरी येते तेव्हा तरुण वाचक तिच्याबरोबर पायऱ्या चढत असतो आणि मोठ्या वाचकाचे लक्ष स्वयंपाकघरात जागत बसलेल्या आईकडे जाते. पुस्तक तेच, पण दुखणारी जागा निराळी.

9. पुस्तक संपल्यावर दोन-तीन दिवस दुसरे काहीच वाचवत नाही. यावर उपाय काय?

याला वाचक ‘बुक हँगओव्हर’ म्हणतात. 1956 साली डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी रेडिओ आणि दूरचित्रवाणीवरील व्यक्तींशी प्रेक्षकांचे जे एकतर्फी जवळिकीचे नाते जडते त्याचे वर्णन केले होते. पुढे ही कल्पना काल्पनिक पात्रांनाही लावली गेली. ते नाते एकतर्फी असले तरी रोजची सोबत खरी असते, आणि शेवटच्या पानानंतर ती एकदम थांबते.

उपाय असा की काही काळ जाऊ द्यावा. त्याच लेखकाचे पुढचे पुस्तक लगेच हातात घेण्याचा मोह होतो, पण माझ्या मते ते टाळावे, कारण नव्या पात्रांना जुन्या पात्रांच्या जागी बसवले जाते आणि बिचाऱ्यांवर विनाकारण अन्याय होतो. अगदी वेगळ्या प्रकारचे, लहान पुस्तक बरे पडते. उदासी पुस्तकापुरती न राहता दिवसाच्या इतर व्यवहारांत पसरत असेल तर प्रश्न 17 मधील खुणा पाहाव्यात. त्या मोठ्यांनाही लागू आहेत.

10. मी शेवटचे पान आधी वाचते. मैत्रिणी म्हणतात की ही लबाडी आहे.

लबाडी मुळीच नाही. जॅनिस रॅडवे यांनी 1984 साली प्रसिद्ध केलेल्या प्रणयकादंबरी वाचणाऱ्या स्त्रियांच्या अभ्यासात, शेवट समाधानाचा आहे याची खात्री करून घेण्यासाठी तो आधी चाळणाऱ्या वाचक भेटतात. खात्री झाली की मधल्या दुःखाला मन मोकळे सोडता येते.

स्पॉइलरने आनंद कमी होतो का, यावर प्रयोगांचे एकमत नाही. 2011 सालच्या एका गाजलेल्या प्रयोगात शेवट आधी कळलेल्या वाचकांना लघुकथा किंचित अधिकच आवडल्या होत्या. नंतरच्या काही प्रयोगांत उलट निष्कर्ष निघाले. तेव्हा स्वतःचा स्वभाव ओळखून वागावे. दुसऱ्याला शेवट सांगणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे आणि तिला माफी नाही.

11. कादंबरीतील नायक मनात घर करून बसला आहे आणि माझा जोडीदार त्याच्यापुढे फिका वाटू लागला आहे. मी काय करावे?

प्रथम ही तुलना कशाकशात होते आहे ते पाहावे. कादंबरीतील नायकाचे लक्ष नायिकेवर असते, कारण लेखिकेने त्याला दुसरे फारसे कामच दिलेले नसते. तो थकून घरी आला तरी त्याचा थकवा अर्ध्या पानात संपतो. शिवाय त्याच्या तोंडून आलेल्या प्रकरणांत त्याचे मन थेट वाचता येते. जोडीदाराचे मन असे छापून मिळत नाही; त्याला विचारावे लागते, आणि विचारूनही तो ‘काही नाही’ म्हणण्याची शक्यता असते.

डोरोथी टेनॉव यांनी 1979 साली प्रेमातील एका अवस्थेचे वर्णन केले: एकाच व्यक्तीचे विचार सतत मनात येणे, तिच्या प्रतिसादाची आस लागणे आणि अनिश्चिततेने ती ओढ आणखी वाढणे. प्रणयकादंबरी हीच अवस्था तीनशे पाने टिकवून धरते, किंबहुना स्लो बर्न, म्हणजे प्रेम अगदी सावकाश फुलणाऱ्या, प्रकारात ती मुद्दाम लांबवली जाते. लांबच्या सहवासात अनिश्चितता उरत नाही आणि म्हणून ती अवस्थाही उरत नाही. यात जोडीदाराचा दोष नाही.

तरीही ही ओढ निरर्थक समजू नये. त्या नायकातील नेमके काय आवडले याचे उत्तर एका वाक्यात लिहून पाहावे. ‘तो तिचे बोलणे मध्येच तोडत नाही’ असे उत्तर आले, तर ती मागणी पूर्णपणे माणसांच्या आवाक्यातली आहे आणि जोडीदारापाशी बोलून दाखवता येते.

12. प्रत्यक्षात ज्याला मी दारातही उभे करणार नाही, असा हेकट, मत्सरी नायक पुस्तकात मला का आवडतो?

कारण पुस्तकात लगाम तुमच्या हाती असतो. नको झाले की पुस्तक मिटता येते, तो शेवटी बदलणार याची हमी असते आणि त्याच्या कठोरपणामागे कोवळेपण दडले असल्याचा पुरावा लेखिका अधूनमधून देत राहते. प्रत्यक्षात या तिन्ही गोष्टी नसतात. म्हणून केवळ आवडीवरून कोणाच्या स्वभावाचे निदान करू नये.

मी एका ठिकाणी मात्र रेघ ओढतो. नायक जे करतो ते चुकीचे आहे, हे पुस्तकाला ठाऊक आहे का? नायिकेचा फोन तपासणे, तिला मैत्रिणींपासून तोडणे, नकार कानाआड करणे, या गोष्टींना पुस्तक प्रेमाचा पुरावा म्हणून सादर करत असेल, तर अनुभवी वाचक त्याकडे कल्पनाविलास म्हणून पाहू शकेल. तुलनेसाठी स्वतःचा काहीच अनुभव नसलेल्या चौदा-पंधरा वर्षांच्या वाचकाविषयी तसे सांगता येत नाही. अशा वेळी पुस्तक काढून घेण्यापेक्षा त्याबद्दल बोलणे उपयोगी पडते.

13. प्रेमकथा म्हणून घेतलेल्या पुस्तकात शेवटी एकाचा मृत्यू झाला. मला दुःखापेक्षा फसवले गेल्याची भावना अधिक आहे. मी अतिरेक करतो आहे का?

नाही, आणि ही भेदरेषा फार जुनी आहे. नाट्यशास्त्रात करुण आणि विप्रलंभ शृंगार यांतील फरक सांगताना करुण निरपेक्ष आणि विप्रलंभ सापेक्ष म्हटला आहे: करुणात आशा संपलेली असते, विप्रलंभात ताटातूट असली तरी भेटीची अपेक्षा जिवंत असते. दोन्हीकडे अश्रू असतात, पण वाचक त्या अश्रूंसाठी वेगवेगळ्या तयारीने बसलेला असतो. विप्रलंभाच्या तयारीने बसलेल्या वाचकाला शेवटच्या प्रकरणात करुण वाढला, तर तो चिडणारच.

मात्र दोष कोणाचा हे पाहावे लागते. मुखपृष्ठ आणि मलपृष्ठावरील मजकूर प्रकाशक ठरवतो. कथेने स्वतः मृत्यूच्या खुणा आधीपासून दिलेल्या असतील, तर लेखक प्रामाणिक आणि वेष्टन खोटे असा निकाल द्यावा लागेल. यंग ॲडल्टमध्ये असे अधिक घडते, कारण त्या प्रकाराने सुखांताचे वचन कधी दिलेलेच नसते (प्रश्न 1). केवळ हमसून रडवण्यासाठी, कथेची गरज नसताना पात्राला आजारी पाडणे हा वेगळा प्रकार आहे आणि त्याबद्दल कितीही कडक शब्दांत लिहिले तरी चालेल.

14. ज्या पुस्तकाने सगळ्यांना रडवले त्याने मला काहीच झाले नाही. माझ्यात काही कमी आहे का?

बहुतेक वेळा कारण साधे असते: इतकी स्तुती ऐकल्यावर वाचक रडण्याची वाट पाहत वाचतो आणि वाट पाहणारा माणूस गुंतत नाही. कधी पुस्तक चुकीच्या वेळी हाती येते.

एक कमी माहीत असलेले कारणही आहे. काही जणांच्या मनश्चक्षूंपुढे चित्रे उमटतच नाहीत. 2015 साली या अवस्थेला ‘अफँटेझिया’ असे नाव मिळाले. 2021 सालच्या एका प्रयोगात अशा व्यक्तींना भीतिदायक वर्णने वाचायला दिली, तेव्हा इतरांच्या त्वचेच्या विद्युतवाहकतेत दिसलेली भीतीची वाढ त्यांच्यात जवळजवळ दिसली नाही. प्रत्यक्ष भयावह छायाचित्रे पाहताना मात्र त्यांची प्रतिक्रिया इतरांसारखीच होती. म्हणजे भावना शाबूत होती, शब्दांतून चित्राकडे जाणारा मार्ग वेगळा होता. अशा वाचकांना दृश्यवर्णनापेक्षा संवादांवर चालणारी पुस्तके अधिक भिडू शकतात, असे मला वाटते.

15. पंधराव्या वर्षी ज्या पुस्तकाने वेड लावले ते आता वाचताना नायकाचाच राग आला. मग तेव्हाचे प्रेम खोटे होते का?

खोटे नव्हते. तेव्हाच्या वाचकाला जे हवे होते ते त्या पुस्तकाने दिले होते. नव्या रागाने जुनी आवड पुसण्याची गरज नाही. राग नेमका कशाचा हे पाहायचे असल्यास प्रश्न 12 मधील कसोटी लावावी.

16. मी खूप रडले म्हणजे पुस्तक चांगले, असे समजून पाच तारे द्यावेत का?

प्रतिक्रिया खरी असते, पण ती पुस्तकाविषयीचा निवाडा नसते. कुत्र्याचा मृत्यू, आईचे शेवटचे पत्र, रुग्णालयातील निरोप हे प्रसंग सुमार लेखकाच्या हातूनही रडवतात, कारण तेथे अर्धे काम वाचकाच्या आयुष्याने केलेले असते. उलट एखादे सुरेख पुस्तक त्या आठवड्यात तुम्हाला स्पर्श न करता निघून जाऊ शकते.

परीक्षण लिहायचे असेल तर दोन दिवस थांबावे आणि मग दोन गोष्टी वेगळ्या लिहाव्यात: मला काय झाले, आणि पुस्तकाने ते कसे घडवले. ‘एकविसाव्या प्रकरणात रडले’ हे पहिल्या खात्यात जाते. ‘त्या प्रकरणात धाकटा भाऊ एक वाक्यही बोलत नाही, नुसते बूट पुसत राहतो’ हे दुसऱ्या खात्यात. पहिले खाते भरलेले आणि दुसरे रिकामे असेल तर तारे देताना हात आखडावा. रागाच्या बाबतीतही हाच हिशेब लागू आहे. प्रश्न 5 मध्ये रागाचे दोन प्रकार सांगितलेच आहेत. काय आवडले नाही ते स्पष्ट लिहावे, परंतु पात्राने काय केले याचा जाब लेखकाला व्यक्तिशः संदेश पाठवून विचारू नये.

17. माझी चौदा वर्षांची मुलगी रात्री जागून कादंबऱ्या वाचते आणि रडते. काळजी करावी का?

पुस्तक वाचून रडणे ही एकटी गोष्ट काळजीची नाही. ती दुसऱ्या दिवशी शाळेत जाते, जेवते, मैत्रिणींशी बोलते आणि त्या पुस्तकाबद्दल उत्साहाने सांगते, तर ती उत्तम वाचक आहे एवढाच अर्थ घ्यावा. जागरणाबद्दल मात्र जरूर बोलावे, कारण अपुऱ्या झोपेने कोणतेही दुःख मोठे वाटते.

काळजीच्या खुणा वेगळ्या असतात: उदासी पुस्तकाशी संबंध नसतानाही दोन आठवडे किंवा अधिक काळ जवळजवळ रोज टिकणे, आवडीच्या गोष्टींतून मन उडणे, झोप आणि भूक बदलणे, स्वतःला इजा करण्याविषयी किंवा मरणाविषयी बोलणे. शेवटची खूण दिसली तर दोन आठवडे थांबू नये. तत्काळ डॉक्टरांचा किंवा समुपदेशकांचा सल्ला घ्यावा. कल्पनेतील कथांत इतका वेळ जातो की अभ्यास आणि नाती मागे पडतात, असे झाल्यासही बोलून पाहावे.

संभाषणाची सुरुवात ‘एवढे काय रडायचे त्यात’ या वाक्याने करू नये. ‘कोणत्या पानावर?’ हा प्रश्न अधिक चांगला. मुले थेट स्वतःविषयी सांगत नाहीत, पण पात्राविषयी सांगता सांगता पुष्कळ सांगून जातात.

18. कथेतील एका प्रसंगाने माझा जुना, वाईट अनुभव जागा झाला. पुस्तक पूर्ण करावे का? आणि पूर्वसूचना (पुस्तकात कोणते त्रासदायक विषय आहेत हे आधीच सांगणारी टीप) वाचून पुस्तके निवडली तर असे टळेल का?

पूर्ण करण्याचे कोणतेही बंधन नाही. कथेतील दुःखाला अंतर असते, म्हणूनच ते सोसवते (प्रश्न 2). येथे ते अंतरच नाहीसे झालेले असते आणि वाचक कथा सोडून स्वतःच्या आठवणीत परतलेला असतो. अशा वेळी नेटाने वाचत राहण्यात शौर्य नाही. पुस्तक बाजूला ठेवावे, आणि आठवण पुढेही पिच्छा सोडत नसेल तर तज्ज्ञांशी बोलावे.

पूर्वसूचनांविषयी संशोधनाचे म्हणणे थोडे अनपेक्षित आहे. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक प्रयोगांच्या एकत्रित विश्लेषणात असे दिसले की सूचना वाचल्याने वाचण्याआधीची धाकधूक वाढते, पण प्रत्यक्ष मजकूर वाचताना होणारा त्रास कमी होत नाही, आणि लोक तो मजकूर टाळतातच असेही नाही. म्हणजे सूचना वाचूनही पुस्तक हाती घेतले तर ती ढालीचे काम करत नाही. निवड बदलण्यासाठी वापरली तरच तिचा उपयोग. ज्यांना एखादा विशिष्ट विषय नकोच आहे त्यांनी सूचना जरूर पाहाव्यात आणि त्या विषयाचे पुस्तक सरळ सोडून द्यावे.

पुस्तक आवडत असेल आणि एकच प्रसंग नको असेल, तर ते आधी वाचलेल्या एखाद्या विश्वासू व्यक्तीला तो प्रसंग कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो एवढेच विचारून घ्यावे, त्यात कथेच्या दृष्टीने आवश्यक असे काय घडते ते तिच्याकडून दोन वाक्यांत ऐकावे आणि पुढच्या प्रकरणापासून वाचायला लागावे.